नाही म्हणायला शिकताना

‘आमच्या बाई कोणाला नाही म्हणत नाहीत,’ असे चिचगडात माझ्याविषयी बोलले जाई, आणि ते कानावर आले की मी मनातल्या मनात फुगत असे. शाळामास्तरणीला याहून मोठे प्रशस्तिपत्रक ते कोणते? अर्ज लिहायचा आहे, बाईंकडे जा. मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत, बाईंच्या घरच्या कपबशा आणा. बँकेचे पुस्तक वाचून घ्यायचे आहे, बाई आहेतच! सतरा वर्षे हे असे चालले, आणि सतराव्या वर्षी एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, फळ्यावर भागाकार मांडता मांडता मी खाली पडले.

पुण्यामुंबईच्या वाचकांना चिचगड कोठे आहे ते सांगायला हवे. महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि बोट उजवीकडे अगदी काठापर्यंत न्या. गोंदिया जिल्हा, देवरी तालुका. आणखी थोडे पूर्वेला गेलात की छत्तीसगड लागते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच वर्षी मी बदली होऊन येथे आले. सभोवार जंगल, मध्ये मध्ये तळी आणि धानाची शेती. वर्गात मराठीचे पुस्तक उघडावे तर समोरच्या बाकावर छत्तीसगढी, मागच्या बाकावर गोंडी, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पालकाची हिंदी. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले, मग तेंदूपाने, पावसाळ्यात रोवणी. मुले त्या त्या हंगामात वर्गातून नाहीशी होत आणि मी त्यांना घरोघर जाऊन शोधून आणी. हे काम मला आवडे. ते मी खोटे सांगणार नाही.

पण शाळा म्हणजे केवळ शाळा कोठे असते? शिक्षकाच्या गळ्यात मतदारयाद्या असतात, सर्वेक्षणे असतात, नाना तऱ्हेचे तक्ते असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते की, जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणुकीची कामे सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावू नये. कायद्याला माझ्याभोवती कुंपण घालावेसे वाटले, मला वाटले नाही! जे माझ्याकडे यायला नको तेही मी हसत हसत घेई, कारण दुसऱ्या एका शिक्षकाच्या घरी लग्न असे, तिसऱ्याची आई आजारी असे. माझ्या घरी कोणी आजारी नसे, कारण आजारी पडायला मला वेळच नव्हता.

घरी यजमान, सासूबाई, दोन मुले. पहाटे साडेचारला उठायचे, रात्री अकराला आडवे व्हायचे. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या वेळेची मोजदाद केली. त्यात असे दिसले की, घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि ते काम करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ च्या मोजणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांचीही नऊ वाचली! हा हिशेब मी आमच्या यजमानांना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे प्रगती सारखीच आहे.” असो.

तर त्या शनिवारी मी पडले. २०१६ सालचा ऑगस्ट महिना. पोरांनी आरडाओरडा केला, कोणीतरी जीप काढली, देवरीहून मला पुढे गोंदियाला नेले. रक्तदाब १८० वर गेला होता आणि रक्त कमी होते. रक्तदाबाची गोळी मला दीड वर्षापूर्वीच लिहून दिलेली होती. ती मी संपेपर्यंत घेतली आणि पुन्हा आणायला गेले नाही. का गेले नाही? प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाचे तरी काम होते म्हणून. रक्त कमी असल्याचे मात्र मला काही विशेष वाटले नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला; म्हणजे त्या वॉर्डात मी बहुमतातच होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारले, “घरात जेवणारी माणसे किती?” मी म्हटले, “चार.” ते लिहून घेऊ लागले तसे यजमान म्हणाले, “चार नव्हे, पाच.” मी बोटांवर मोजले. यजमान, सासूबाई, थोरला, धाकटी. चारच होत होते. पुन्हा मोजले, पुन्हा चार. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि मग माझ्या लक्षात आले की, मी स्वतःला धरलेच नव्हते. गणित शिकवणारी बाई मी! तिथे कोणी हसले नाही. पुढे कितीतरी रात्री ते उत्तर मला आठवून आठवून लाज वाटत असे.

दहा-बारा दिवसांनी घरी आले. पोळा तोंडावर आला होता. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. चिखलणीत, रोवणीत जू घासून घासून खांद्याचे कातडे सोललेले असते. त्याला हळद आणि लोणी लावून हलक्या हाताने चोळतात. आता ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, पण आमच्या घरामागे राहणाऱ्या आजींकडे तेव्हा एक जोडी होती. मी मागच्या दारात खाटेवर पडले होते आणि आजी बैलाचा खांदा चोळत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “बैल बोलते का जी बाई? तरी आपन त्याचा खांदा पाहातो. तुमी त बोलता. मंग कायले सांगतलं नाई?”

मी म्हटले, “आजी, कोणाला नाही म्हणवत नाही हो. माणसे आपली आहेत.”

आजींनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या पायथ्याशी येऊन बसल्या. त्यांनी जे सांगितले ते शेतातले होते. धानाच्या एकेका खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या मातीच्या बांधाला धुरा. आजी म्हणाल्या, धुरा नसेल तर बांधीच नाही; पाणी आले तसे निघून जाते आणि धान वाळते. पण धुरा नुसता उंच करून भागत नाही. त्याला पाणी सोडायला तोंड ठेवावे लागते. “तोंड नाई ठेवलं त मोठ्या पान्यानं धुरा फुटते. मंग आपला धान जाते, अन् खालच्या बांधीवाल्याचाबी जाते.”

खालच्या बांधीवाल्याचा विचार मी कधीच केला नव्हता. मी आडवी झाले त्या पंधरा दिवसांत धाकटीने शाळा बुडवून स्वयंपाक केला होता. माझ्या वर्गाला कोणी शिकवले नव्हते. ज्यांचे अर्ज माझ्या पिशवीत पडले होते त्यांचे अर्ज तसेच पडले होते. कोणाला नाही न म्हणता मी एकदम सगळ्यांना नाही म्हणून बसले होते.

तेव्हा ठरवले की, नाही म्हणायला शिकायचे. ऐकायला सोपे वाटते. पहिले चार महिने माझी जी फजिती झाली ती सांगण्यासारखी आहे. नाही म्हणताना मला भय वाटे, म्हणून मी सबबी सांगे. “आज जमणार नाही, पाहुणे यायचे आहेत.” समोरचा म्हणे, “मग पाहुणे गेल्यावर येतो.” “आज डोके दुखते आहे.” “मग गोळी आणून देतो, बाई.” सबब ही अशी वस्तू आहे की, माणसे ती सोडवायला मदत करतात! शेवटी अर्ज लिहावाच लागे, शिवाय खोटे बोलल्याचे पाप आणि कोणाच्या तरी पैशाची डोकेदुखीची गोळी. हळूहळू समजले की सबब नको, वेळ सांगावी. “आज नाही. उद्या सकाळी दहाला या, बसून लिहू.” एवढ्यावर माणसे बहुधा निमूट जातात. त्यांना माझे कारण नको असते, आपले काम केव्हा होईल ते हवे असते.

मग दिवेलागणीपासून जेवण होईपर्यंत कोणाचे कागद हातात धरायचे नाहीत, असा नियम केला. त्या वेळात तळ्यापर्यंत चालून यायचे, रक्तदाबाची गोळी घ्यायची आणि सर्वांबरोबर ताटावर बसून जेवायचे. याचा घरात गवगवा झाला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घरच्या सुनेने इतरांबरोबर पान मांडून घ्यायचे हे त्यांनी पाहिलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या ताटात लोणच्याची फोड वाढली. यजमानांनी सकाळचा चहा स्वतः करायला घेतला. तो चहा पहिला महिनाभर फार वाईट होता, पण मी तो सुधारायला गेले नाही. वाचक भगिनींना माझे एवढे एक सांगणे आहे: काम दुसऱ्याला दिले की मग त्याच्या मागे उभे राहू नये. पातेले करपले तर करपू द्यावे. गावात मात्र बोलणे झाले की, बाई आजारातून उठल्या आणि शिष्ट झाल्या.

दोन वर्षे बरी गेली. २०१८ साली पावसाळा सरल्यावर, धान कापणीच्या दिवसांत, एका संध्याकाळी दारावर थाप पडली. लांबच्या टोल्यावरची एक बाई, माझ्या विद्यार्थिनीची आई, दिवसभर कापणी करून चालत आली होती. मुलीच्या शिष्यवृत्तीचा कागद हातात होता. मी जेवायला बसले होते. आतूनच सांगितले, “नियम आहे हो. उद्या सकाळी या.” ती “बरं जी” म्हणून अंधारात परत गेली. सकाळी तिने कागद आणून दिला आणि मी तारीख पाहिली. मुदत आदल्या दिवशी, रात्री बारापर्यंत होती.

जिथे जिथे खटपट करायची तिथे केली. उपयोग झाला नाही. त्या घराला ते पैसे म्हणजे काय होते ते मला ठाऊक होते. मी टोल्यावर गेले. अंगणात धानाच्या पेंढ्या पडल्या होत्या. चूक माझी झाली, मी उठून कागद पाहायला हवा होता, असे सांगितले. ती बाई रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती म्हणाली, “मीबी सांगतलं नाई न, आखरी दिवस हाये म्हून.” आणि खाली पाहू लागली. मुलगी दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही.

त्यानंतर मी नियम मोडून टाकला. दार सताड उघडे. रात्री दहालाही अर्ज, पहाटेही अर्ज. ही सेवा नव्हती, शिक्षा होती. मी ती स्वतःला देत होते आणि देताना मनात सारखे चाले: तू स्वार्थी आहेस, एका ताटासाठी लेकराचे वर्ष घालवलेस. दोन महिन्यांत रक्तदाब पुन्हा चढला.

याच सुमारास नागपूरच्या भाचीने एक पुस्तक आणून दिले: अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी. एलिस हे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ (१९१३ ते २००७). १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, आणि मुंबईचे कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे मराठीत नेटाने पोहोचवली. तरुणपणी एलिस यांना परक्या स्त्रीशी बोलायचे विलक्षण भय वाटे. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या एका बागेत रोज जाऊन बसू लागले आणि महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलले. त्यांतली एकच पुन्हा भेटायला कबूल झाली, आणि तीही आली नाही! पण भय गेले. नाही म्हणायचे भयही असेच नाही म्हणून म्हणूनच जाते हे मला अनुभवाने ठाऊक होते, म्हणून ही गोष्ट वाचून मी पुष्कळ हसले.

पण मला जे हवे होते ते पुढे मिळाले. एलिस यांचे म्हणणे असे की, कृत्याला चूक म्हणावे, त्याची खंत करावी, ते दुरुस्त करावे. परंतु एका कृत्यावरून सबंध माणसाला नापास करू नये. वर्गात मी हेच करत आले नव्हते का? एका मुलाचे गणित चुकले तर मी गणितावर काट मारत असे, मुलावर नव्हे. टेक्सासच्या क्रिस्टिन नेफ या प्राध्यापिकेने २००३ पासून आत्मकरुणेवर जे लिहिले आहे तेही पुढे वाचनात आले. हा विचार त्यांनी बौद्ध परंपरेतून घेतला. स्वतःशी मायेने बोलावे. चूक होणे हे सर्व माणसांचे आहे, माझ्या एकटीचे नाही, हे ओळखावे. आणि दुःख लपवूही नये, उगाळूही नये. वाचताना मला वाटे, टोल्यावरच्या त्या आईने पेंढ्यांजवळ उभे राहून माझ्याशी हेच केले होते. मलाच ते घेता आले नव्हते.

मग धुरा पुन्हा बांधला, पण या वेळी त्याला तोंड ठेवले. संध्याकाळी कोणी आले तर उठून दारात जायचे आणि एकच विचारायचे: “आज नाही झाले तर चालेल का?” दहातले नऊ जण म्हणतात, चालते जी. दहाव्यासाठी जेवण बाजूला ठेवायचे. ओसरीवर एक जुना फळा टांगला आणि त्यावर कोणत्या अर्जाची मुदत कधी संपते ते लिहू लागले. पुढच्या वर्षी त्या मुलीचा अर्ज सर्वांत पहिला भरला. गेलेले वर्ष त्याने परत आले नाही. ते तसेच राहिले आहे.

आता एक कबुली. हे सगळे मला जमले, कारण माझा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. आमच्या गल्लीत एक आशा सेविका राहते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना आली, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरवही केला. तिला ना नियमित पगार, ना ठरलेली वेळ, कामागणिक मोबदला. रात्री दोन वाजता बाळंतिणीला कळा सुरू झाल्या तर तिने कोणता नियम सांगावा? मी तिला एकदा आजींचा धुरा ऐकवला. ती म्हणाली, “बाई, माझी तर बांधीच रस्त्यावर आहे.” मी गप्प बसले. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा तीही गेली. एकटीला जो धुरा बांधता येत नाही तो त्यांनी मिळून बांधायला घेतला, असे मी मानते. गावात काही जण म्हणाले की, सेवेचे काम करणाऱ्यांनी असे अडवून धरू नये. माझ्याबद्दलही हेच म्हणाले होते.

झोप उडणे, कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे येथवर मजल गेली, तर मात्र आजींच्या गोष्टीने किंवा माझ्या लेखाने भागणार नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारने १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक चालू केला आहे. त्यावर पैसे न पडता मराठीत बोलता येते. तो आकडाही मी ओसरीच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. कोणी फोन करते की नाही ते मी विचारत नाही.

मी आता निवृत्त झाले आहे. आजी गेल्या, त्यांच्या गोठ्यात आता नातवाचा ट्रॅक्टर उभा असतो. सासूबाई थकल्या आहेत, त्यांना भरवावे लागते. ते काम मी आणि यजमान पाळीपाळीने करतो. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके होतात. पूर्वी मंडईच्या दिवशी मी पाहुण्यांचा स्वयंपाक करत घरी असे. अलीकडे मी पाहुण्यांना घेऊन नाटकाला जाते आणि स्वयंपाक झाला तेवढा होतो.

हे लिहीत असतानाच दारावर थाप पडली. सातबाराच्या कामासाठी टोल्यावरचा एक भाऊ आला होता. मी चष्मा काढून बाहेर गेले.

“आज नाही झाले तर चालेल का?”

“चालते जी. मंडई झाल्यावरबी चालते.”

“मग मंडई झाल्यावर या.”

तो पाणी प्यायला, यंदा कोणते नाटक येणार ते सांगत पाच मिनिटे ओसरीवर बसला आणि गेला.